वाकड्या रेघांची भिंत

शेटाणीकडं कोणी दान द्यायला आला की ती त्याला आधी मशीनवर बसवते. माणूस कोण, कुठला, किती मोठा, काही विचारत नाही. समोर पायमशीन. सुईत दोरा नाही. सुईखाली वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदावर पट्टीनं ओढलेली एक सरळ रेघ. त्या रेघेवरून मशीन चालवायची. पुढचं बोलणं त्यानंतर.

"पहले लाइन, फिर बात," हे तिचं ठरलेलं वाक्य.

एकदा एक पुढारी आला होता. मागं चार-पाच पोरं, एकाच्या गळ्यात कॅमेरा. शेटाणी त्याला म्हणाली, "साईं, पहले लाइन मारो." पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. पुढारी लालबुंद. बाईला त्यातला विनोद कळला नाही की कळून ती गप्प बसली, हे मला आजवर उमगलेलं नाही. तिनं त्याला बसवलाच. त्याचा पाय पडला उलटा, चाक फिरलं मागं, कागद टराटरा फाटला. तो फाटका कागद तिनं भिंतीवर खिळ्यानं ठोकला आणि खाली त्याचं नाव लिहिलं. झाला सत्कार. हार नाही, नारळ नाही.

अशी ती भिंत आहे. उल्हासनगरला, निर्वासित सिंध्यांच्या कॅम्प एकमध्ये एका अरुंद गल्लीत, खाली पिशव्यांचं दुकान, वर तिचा जुना जीन्सचा कारखाना. आता तिथं बायकांचा वर्ग चालतो, शिलाईचा आणि अक्षरांचा. भिंतभर कागद. डॉक्टरची रेघ सापासारखी. कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याची रेघ अर्ध्यातच कागद सोडून गेलेली. एका बँकेच्या साहेबाची तर रेघच नाही, एका जागी नुसता भोकांचा पुंजका. ज्यानं पंखा दिला त्याची आहे, ज्यानं पाण्याची टाकी बसवून दिली त्याची आहे. सगळ्या वाकड्या.

मी तिला एकदा विचारलं, "बाई, एवढ्या मोठ्या माणसांची फजिती कशाला करता?"

"फजिती कुठे, अदा? त्याला समजायला पाहिजे, हा काम सोपा नाय. ज्याला समजला, तो परत येतो. ज्याला राग आला, त्याचा पैसा पण नको."

अदा म्हणजे सिंधीत भाऊ. बायकांना ती अदी म्हणते. तिची मराठी अशीच आहे, निम्मी हिंदी, वरून सिंधी, आणि शिव्या तेवढ्या चोख आमच्या भाषेत.

दिसायला बाई काटकुळी. अंगात पांढरा सलवार-कमीज, कमरेला नाडीनं बांधलेली मोठी कात्री. राग आला की ती कात्री हवेत कच्कच् करते. कच्कच् ऐकलं की शिकणाऱ्या बायका माना खाली घालतात. खुर्चीवर कधी बसत नाही. डेनिमच्या चिंध्यांचं एक गाठोडं आहे, तेच तिचं सिंहासन. पाहुणा आला की आधी पाणी आणि भाजलेला पापड. ही सिंध्यांची रीत. पण हिच्या घरी त्या रीतीलाही काटा आहे. पापड संपेपर्यंत तुमचं काय काम ते सांगून टाकायचं. पापड संपला की मुलाखत संपली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. भूक लागली होती, दोन घासांत पापड खाल्ला. बाई उठून गेली.

आता मी कोण, ते सांगतो. मी अंबरनाथचा, मोरिवली गावातला. आमची भातशेती होती, ती कारखान्यांच्या वसाहतीत गेली, बदल्यात मला कारखान्यात नोकरी लागली. माझ्याच बापाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या गेटातून मी जन्मभर आत-बाहेर केलं. शिक्षण तिसरी. तेही मास्तर चांगले होते म्हणून. माझी बायको यमुना, ती शाळेच्या पायरीवरसुद्धा चढली नव्हती. भाताची लावणी, म्हशी, पोरं, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. शेती गेल्यावर हात रिकामे झाले, म्हणून गावातल्या दोघींबरोबर ती शेटाणीच्या कारखान्यात जायला लागली. आधी पँटींचे लोंबते दोरे कापायची. हात चांगला बसला तशी लेबलं लावायच्या मशीनवर बसवली.

तिथंच तो घोळ झाला.

पँटीच्या कमरेला आतून जे लेबल असतं, नाव आणि माप लिहिलेलं, ते तिनं अख्ख्या लॉटला उलटं लावलं. वरचं खाली, खालचं वर. शिलाई एकदम झकास, टाका हलेल तर शपथ. पण एकूण एक लेबल डोक्यावर उभं. तिला बिचारीला काय माहीत? कापडाचा तुकडा तो तुकडा. ज्या बाजूनं हातात आला त्या बाजूनं लावला. शेजारणीनं पाहिलं, पण तिलाही वाचता येत नव्हतं. दोरे कापणारीनं पाहिलं, तिलाही नाही. इस्त्रीवालीनं घडी घातली. अख्खा कारखाना, आणि लेबल उलटं आहे हे एकीला कळू नये! माल दुकानदाराकडं गेला आणि तसाच्या तसा परत आला.

शेटाणीनं त्या दिवशी काय आकांत केला म्हणता! कात्री नुसती वाजत होती. यमुना घरी आली ती भिंतीकडं तोंड करून बसली. जेवली नाही. मी म्हटलं, "जाऊ दे ना. दुसरं काम बघू."

तर ती बोलली, "काम गेला त्याचा नाय वाईट वाटत. उलटा का सुलटा, येवढा पण मना कळू नये?"

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रिक्षा. आतून शेटाणी उतरली, मोरिवलीच्या चिखलात पांढरी सलवार वर धरून. मला वाटलं भांडायला आली. मी पुढं झालो. तिनं मला बाजूला केलं आणि सरळ आत चुलीपाशी यमुनेसमोर जाऊन बसली.

"अदी, चूक तुझी नाय. माझी. मशीन शिकवला, अक्षर नाय शिकवला. चल."

"मना नाय जमाचा," यमुना बोलली. "नातू झालाय मना."

"नातू झाला तर डोळे गेले काय? चल बोलते ना!"

आणि गेली की हो बरोबर. मी दारातच उभा.

त्या लॉटमधली एक पँट शेटाणीनं ठेवून घेतली. उलट्या लेबलाची. ती आजही वर्गात दाराजवळ खुंटीला टांगलेली आहे. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला ती दाखवतात.

शिकवायची रीतही तिनं स्वतःच काढली. पाटी-पेन्सिल धरायला बायका लाजत होत्या, बोटं वळत नव्हती. मशीनवर मात्र त्यांचे हात राजासारखे. मग शेटाणीनं कागदावर मोठं अक्षर काढून दिलं आणि सांगितलं, चालव सुई. दोरा नको. बोथट झालेल्या सुया ती फेकत नसे, डब्यात ठेवायची, त्या अशा कामाला आल्या. अक्षराच्या वळणानं भोकं पडत गेली. कागद उजेडाला धरला की अक्षर लखलखतं. वरून बोट फिरवलं की बोटालाही कळतं. यमुनेला स्वतःचं नाव जमलं त्या दिवशी ती कागद पदराखाली घेऊन आली, एखादं पिल्लू आणावं तशी. ट्यूबलाइटखाली धरून मला बोलली, "बघा, कोण हाय ते." मी पाहिलं. उजेडाचं नाव होतं ते. तिनं पुढं तोच कागद पापडाच्या डब्यात तळाला घातला, ती गोष्ट वेगळी. असल्या बाबतीत ती हळवी नव्हती.

आणि दोरा? दोरा मिळायला लागतो. स्वतःचं नाव, आपल्या गल्लीचं नाव आणि टेपवरचे आकडे वाचता आले की शेटाणी गाठोड्यावरून उठते आणि स्वतःच्या हातानं तिच्या सुईत दोरा ओवते. तोवर कितीही पाया पडा, नाही. तिथल्या बायका परीक्षा पास झाले असं म्हणत नाहीत. "मना दोरा मिलला," असं म्हणतात आणि गल्लीत पेढे वाटतात. यमुनेला दोरा मिळाला तेव्हा मी कारखान्यात पेढे वाटले. फोरमन बोलला, "काय, पोरगा पास झाला वाटतं?" मी बोललो, "नाही, बायको." तो हसला. हसू दे. त्याच्या बायकोला कुठं मिळाला होता दोरा?

पुढं शेटाणीचा कारखाना बंद झाला. धंदा बसला, मुलगा परदेशी गेला. लोकांनी सांगितलं, जागा विका. तिनं जागा वर्गाला देऊन टाकली. शिलाई ती शिकवायची आणि दुपारचा अक्षरांचा वर्ग यमुना. होय, माझी यमुना. कॅम्पातल्या, अंबरनाथच्या, बदलापूरच्या बायका तिच्या हाताखालून गेल्या. ती त्यांना घरातून काहीतरी लिहिलेलं आणायला सांगायची, चहाच्या पुड्याचा कागद, साबणाचं वेष्टण, आणि त्यातून अक्षरं शोधायला लावायची. त्या तिला बाई म्हणायच्या. रस्त्यात कोणी "बाई!" म्हणून हाक मारली की मी छाती काढून चालायचो. मी कोण? तर बाईंचा नवरा. माझ्या साऱ्या नोकरीत मला एवढा मान मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी ती गेली. आजार लांबला नाही. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा शेटाणी आली. यमुनेची स्वतःची मशीन आमच्या खिडकीत होती. वर्गातून दोरा मिळाल्यावर तिनं आपल्या कमाईनं घेतलेली. मी तिच्यावर तिचंच हिरवं लुगडं झाकून ठेवलं होतं. शेटाणीनं लुगडं काढलं, पिशवीतून तेलाची बुधली काढली आणि एकेका भोकात तेल सोडायला लागली.

"हात लावू नका," मी बोललो.

"मशीन बंद ठेवला तर मरतो, अदा."

"मरू दे. तिची आहे ती."

तिनं तेल सोडायचं काम पूर्ण केलं, चाक एकदा फिरवून पाहिलं, लुगडं परत होतं तसं झाकलं आणि गेली. मला तिचा राग आला. पण चाक फिरलं तो आवाज दिवसभर कानात राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका कंपनीचा माणूस वर्गात आला. कंपनी मोठी, त्यांना बायकांना रोजगार शिकवायला मदत करायची होती. माणूस तरुण, बोलायला गोड. त्यानं रेघही मारली, कुरकुर केली नाही. नव्या कोऱ्या मोटरच्या मशीनी देतो म्हणाला. वर्गातल्या मशीनी पार खिळखिळ्या झाल्या होत्या. निम्म्या चालत, निम्म्या त्यांना सुटे भाग पुरवायला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मशीनी आल्या त्या दिवशी मी तिथं होतो. यमुनेच्या शिकवलेल्या एका बाईनं निरोप धाडला होता, काका या, मोठा दिवस आहे. गल्लीत टेम्पो उभा, जत्रेसारखी बायकांची गर्दी आणि गलका. शेटाणीनं त्या तरुणाला पापड दिला. पापड निम्मा झाला तेव्हा तो बोलला, "एकच आहे मॅडम. दुपारचा जो अक्षरांचा वर्ग आहे, त्या वेळेत शिलाईची दुसरी बॅच घ्यावी लागेल. आमच्या योजनेत वयाची अट आहे आणि दहावी पास मुलीच बसतात. या मोठ्या बायका शिकून नोकरीला थोड्याच लागणार?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला वरून जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. पण शेटाणीनं त्याच्या हातातला उरलेला पापड काढून घेतला.

"टेम्पो फिरव."

"मॅडम, अहो, मशीनी तरी..."

"अक्षर बंद, तर मशीन नको. वो पँट देखी? दरवाजे के पास? नवा मशीन पण उलटाच लावेल लेबल. जरा जोरात लावेल, बस."

बायका धावल्या. एक जण तर रडायलाच लागली, "शेटाणी, असं करू नका ओ! अक्षरं नंतर बघू. यमुनाबाई पण नाहीत आता, शिकवणार कोण?"

खरं सांगू? मलाही वाटलं, म्हातारीला वेड लागलंय. गल्ली अरुंद, टेम्पो मागं मागं घेत बाहेर काढावा लागला. ड्रायव्हर शिव्या देत होता, शेटाणी मागं उभी राहून त्याला कात्रीनं दिशा दाखवत होती. मी तिला तोंडावर बोललो, "बाई, तुमच्या हट्टापायी वर्ग बुडणार."

"बुडला तर पुरा बुडेल," ती बोलली. "अर्धा नाय ठेवणार मी."

महिनाभर बायका तिच्याशी धड बोलल्या नाहीत. शिलाईची गर्दी ओसरली. अक्षरांचा वर्ग ती स्वतः घेऊ लागली, पण तिला आता जवळचं दिसत नाही. कागदावर तिनं काढलेला क बायकांना ओळखू येईना. मी हे सगळं ऐकत होतो. घरी बसून त्या हिरव्या लुगड्याकडं बघत होतो.

मग बेलवलीहून एक बाई आली. ही यमुनेची जुनी शिकाऊ, आता बदलापूरला तिचं स्वतःचं ब्लाउजचं दुकान आहे. रिक्षात पुढं ड्रायव्हर, मागं ती आणि तिच्या मांडीशी एक मशीन, रिक्षाबाहेर अर्धी लोंबणारी. तिनं ती वर चढवली आणि बोलली, "ही वर्गाला."

शेटाणी बोलली, "पहले लाइन."

ती बसली. सर्रर्र. रेघ अशी सरळ की पट्टीनं ओढावी. शेटाणी कागद हातात घेऊन बघतच राहिली. भिंतीवर आजवर एक सरळ रेघ नव्हती. तिला कळेना, ही लावायची कुठं!

बातमी पसरली. मग दुसरी आली, कॅम्पातलीच. तिसरी अंबरनाथहून, तिनं नवऱ्याच्या हातगाडीवर घालून आणली. कोणी जुनी पायमशीन, कोणी मोटरची, एका बाईनं नुसतं चाक आणि पाय-पट्टी आणली, तेवढंच तिच्याकडं चांगलं होतं. कोणी श्रीमंत नाही त्यांच्यात. सगळ्या यमुनेच्या हाताखालच्या. आणि सगळ्यांच्या रेघा सरळ. शेटाणी चिडून कात्री वाजवायची, "अरे, एक तरी वाकडी मारा ना! माझी भिंत खराब करतात या!" पण मी तिचं तोंड पाहिलं होतं. त्या दिवसांत ती गाठोड्यावर बसत नव्हती, इकडून तिकडं नुसती फिरत होती.

एका सकाळी मी लुगडं काढलं. घडी करून पेटीत ठेवलं. शेजारच्यांनी मशीन टेम्पोत चढवायला हात दिला. वाटेत खड्डा आला की मी तिच्यावर हात ठेवत होतो, आजारी माणसाला दवाखान्यात नेताना ठेवतो तसा.

वर पोचलो. शेटाणीनं मशीन ओळखली. तेलाची भोकं बोटानं चाचपून पाहिली. पाणी दिलं, पापड दिला. मी पापड हातात तसाच धरून बसलो.

"पहले लाइन, अदा."

"माझी कशाला? मी काही दिलं नाही. मशीन तिची आहे."

"मग तिचं नाव काढ."

मी आयुष्यात मशीनवर बसलो नव्हतो. आणि यमुनेला नावानं हाकही कधी मारली नव्हती. आमच्यात ती माझं नाव घेत नसे, मी तिचं. शेटाणीनं डोळे बारीक करून कागदावर मोठी तीन अक्षरं काढली. मी बसलो. पाय उलटा पडला, बायका हसल्या, मीही हसलो. पुन्हा टाकला. य च्या पोटातून सुई गेली. मु पाशी कागद अडकला, एकीनं फिरवून दिला. ना ची काठी उतरताना मला पुढचं नीट दिसत नव्हतं, अंदाजानं चालवली.

शेटाणीनं कागद उचलला, भिंतीकडं गेली, थांबली, आणि वळून खिडकीच्या काचेला चिकटवला. बाहेर ऊन होतं. वाकडंतिकडं, पण नाव पेटलं. कोपऱ्यात एक नवी बाई बसली होती, हातात चहाच्या पुड्याचा कागद. तिनं मान वर केली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "य... मु... ना."

अक्षरांचा वर्ग चालू आहे. ती बेलवलीवाली दुकान सांभाळून येऊन शिकवते, मी कागदांवर अक्षरं मोठी काढून देतो. तिसरीपर्यंतची अक्षरं मला येतात, तेवढी पुरतात. नंतर रिकाम्या मशीनवर बसून मीही सराव करतो.

दोरा मला अजून मिळालेला नाही. शेटाणी म्हणते, वाचता येतं, पण मु वाकडा आहे.